पहिल्यांदाच ऑफिससाठी पीपीटी बनवताय? आधी लॅपटॉप बंद करा

दरवर्षी जून-जुलैमध्ये आमच्या ऑफिसात नवीन पोरं-पोरी जॉइन होतात आणि साधारण तिसऱ्या आठवड्यात त्यातलं कुणीतरी माझ्या डेस्कशी येऊन उभं राहतं, "ताई, सरांनी उद्यापर्यंत पीपीटी मागितलीय, एकदा बघता का?" लॅपटॉप उघडला की तेच दिसतं. पहिल्या स्लाईडवर लोगो आणि मोठ्ठं नाव, दुसरीवर 'अजेंडा', तिसरीवर 'प्रस्तावना', मग बारा-पंधरा स्लाईड अक्षरांनी गच्च भरलेल्या आणि शेवटी फुलाच्या फोटोवर 'थँक यू'. मेहनत खरी असते, रात्री एक वाजेपर्यंत जागून केलेली असते, म्हणूनच जास्त वाईट वाटतं. कॉलेजात आपण पीपीटी करायचो ती विषय आपल्याला येतो हे दाखवायला, मार्क मिळवायला. ऑफिसात समोर बसलेल्या माणसाला काहीतरी ठरवायचं असतं, आणि त्याच्याकडे वीस मिनिटं असतात.

मी मरोळच्या एका ऑफिसात अकरा वर्षं सेल्स आणि ऑपरेशन्समध्ये आहे, डोंबिवलीहून घाटकोपर आणि तिथून मेट्रो असा रोजचा प्रवास, आणि या अकरा वर्षांत पीपीटी करण्यात, बघण्यात आणि दुसऱ्यांच्या दुरुस्त करण्यात किती तास गेले याचा हिशोब नाही. दरवेळी एकेकाला तेच सांगण्यापेक्षा सगळं एकदा नीट लिहून काढते. उदाहरण एकच घेते म्हणजे शेवटपर्यंत तेच धरून चालता येईल.

समजा तुम्ही एका बेकरी कंपनीत आहात. भिवंडीच्या गोडाऊनमधून रोज पाव, खारी, टोस्ट मुंबईतल्या दुकानांना जातं. माल उशिरा पोचतो, दुकानदार वैतागलेत, आणि सरांनी सांगितलंय की "यावर एक पीपीटी कर, सोमवारी मॅनेजमेंटला दाखवू." आकडे सगळे उदाहरणापुरते आहेत.

पहिली पायरी: एक वाक्य

लॅपटॉप उघडायचा नाही. वही घ्या आणि एकच वाक्य लिहा: मीटिंग संपल्यावर समोरच्याने काय करावं असं मला वाटतं? 'डिलिव्हरीच्या समस्येबद्दल माहिती देणे' हे वाक्य चालणार नाही, कारण माहिती मिळाल्यावर माणूस "बरं" म्हणतो आणि चहा मागवतो. वाक्य असं हवं: "गाडी सकाळी सातऐवजी पहाटे साडेचारला सोडायला आणि त्यासाठी रात्रपाळीला चार लोडर (माल चढवणारी माणसं) घ्यायला मॅनेजमेंटने सोमवारी हो म्हणावं." यात कुणी, काय, कधी सगळं आलं. हे वाक्य लिहायला मला अजूनही कधीकधी एक तास लागतो आणि तो तास मी बिनदिक्कत देते, कारण हे वाक्य सापडलं नाही तर पुढचे आठ तास नुसते बॉक्स इकडून तिकडे सरकवण्यात जातात.

वाक्य बरोबर आलंय का हे बघायचा माझा उपाय म्हणजे आई. सुरुवातीच्या दिवसांत एकदा मी रात्री स्वयंपाकघरात उभी राहून तिला माझी पीपीटी समजावत होते, मार्केट शेअर, चॅनेल, मार्जिन असं बरंच काही. ती मेथी निवडत होती. पाच मिनिटांनी मान वर करून म्हणाली, "ते सगळं झालं गं, पण तुला त्यांच्याकडून हवंय काय?" मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मी अख्खा डेक, म्हणजे ती पीपीटी, पहिल्यापासून बदलला. तेव्हापासून धंद्याशी संबंध नसलेल्या एका माणसाला ते एक वाक्य ऐकवल्याशिवाय मी पुढे जात नाही.

त्याच वहीत समोर कोण बसणार आहे तेही लिहा. मालक असेल तर त्याला पैसे किती लागणार आणि किती वाचणार हे हवं. फायनान्सवाले असतील तर आकडा आला कुठून हे विचारतीलच. गोडाऊनचा सुपरवायझर असेल तर त्याची चिंता वेगळी, पहाटे तीनला माणसं येणार कशी, कारण रात्री लोकल बंद असतात. तिघांनाही हाच प्रस्ताव आहे पण सुरुवात तिघांसाठी वेगळी होईल.

दुसरी पायरी: चिठ्ठ्या

आता कोऱ्या कागदाचे तुकडे करा, किंवा पिवळ्या स्टिकी नोट्स घ्या. एका चिठ्ठीवर एक पूर्ण वाक्य, एक चिठ्ठी म्हणजे एक स्लाईड. आपल्या उदाहरणात अशा होतील:

लालबाग-परळ पट्ट्यातल्या ४८ पैकी ३१ दुकानांना पाव सकाळी ११ नंतर मिळतो.
उशिरा आलेला माल दुकानदार परत करतात, महिन्याला २ लाख १० हजारांचा.
गाडी सातला सुटते आणि माजिवड्यापासून मुलुंडपर्यंत ट्रॅफिकमध्ये अडकते.
साडेचारला सोडली तेव्हा शेवटचं दुकान नऊच्या आत झालं, दोन आठवडे करून बघितलं.
त्यासाठी रात्रपाळीला ४ लोडर लागतील, महिना ७२ हजार.
एक तारखेपासून सुरू करायला आज मंजुरी हवी.

झाली की पीपीटी. नुसत्या चिठ्ठ्या ओळीने वाचल्या तरी गोष्ट कळते, हीच परीक्षा. कळत नसेल तर चिठ्ठ्यांची जागा बदलून बघा, एखादी काढून टाका. फरशीवर मांडून बसलात की चिठ्ठी उचलून फेकताना काही वाटत नाही, पण तीच स्लाईड सॉफ्टवेअरमध्ये रंगवून सजवून झाली की फेकवत नाही, जीव अडकतो. म्हणून लॅपटॉप बंद ठेवायला सांगते.

आणि घाईतल्या मॅनेजमेंटसमोर सहावी चिठ्ठी सगळ्यात पुढे आणली तरी चालते, खरं तर मी बहुतेक वेळा आणतेच. "आज मला पहाटेच्या गाडीला मंजुरी हवी आहे, महिना ७२ हजार खर्च आहे, का ते सांगते." मोठ्या साहेबांना मध्येच फोन येतो, उठून जातात, आणि शेवटी ठेवलेली मागणी ऐकायला खोलीत कुणी उरत नाही.

ही जी वाक्यं चिठ्ठीवर लिहिलीत तीच स्लाईडची हेडिंग. 'सद्यस्थिती', 'विश्लेषण', 'उपाययोजना' असली हेडिंग टाकू नका, ते फायलीच्या कप्प्यावरचं लेबल झालं. हेडिंगमध्ये निष्कर्ष हवा. ही गोष्ट किती गंभीर आहे त्याचं एक उदाहरण सांगते, जे मी नवीन बॅचला दरवर्षी सांगते.

कल्पना चावला ज्या कोलंबिया यानात होत्या त्याला १६ जानेवारी २००३ ला उड्डाण करताना टाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान वर असतानाच इंजिनिअर लोकांनी नासाच्या अधिकाऱ्यांना यावर स्लाईड दाखवल्या. त्यातल्या एका स्लाईडचं हेडिंग वाचून असं वाटत होतं की चाचण्यांचे आकडे बघता काळजीचं फार कारण नाही. आणि त्याच स्लाईडच्या तळाशी, आतल्या आतल्या बुलेटमध्ये, छोट्या अक्षरात लिहिलं होतं की चाचणीतला तुकडा ३ घन इंचाचा होता आणि इथला अंदाजे १९२० घन इंचाचा. म्हणजे ६४० पट मोठा! जी गोष्ट हेडिंगमध्ये असायला हवी होती ती तळाशी गेली. १ फेब्रुवारीला परत येताना यान तुटलं आणि सातही अंतराळवीर गेले. अपघात स्लाईडमुळे झाला असं कुणी म्हणत नाही, तो पंखाला पडलेल्या भोकामुळेच झाला, पण चौकशी मंडळाने आपल्या अहवालात ती स्लाईड छापली आणि अशा गंभीर विषयाचा तांत्रिक अहवाल स्लाईडवर देण्याच्या सवयीवर टीका केली. आपल्या पावाच्या गाडीत कुणाचा जीव जात नाही, पण कुणाची तरी नोकरी, कुणाचा तरी पगार त्या तळाच्या बुलेटमध्ये असू शकतो.

तिसरी पायरी: एक स्लाईड जवळून बघू

आता लॅपटॉप उघडा. नवीन मुलं पहिली स्लाईड साधारण अशी करतात. हेडिंग 'सद्यस्थिती विश्लेषण'. खाली सहा बुलेट: भिवंडीहून रोज ३ गाड्या, ट्रॅफिकमुळे विलंब, दुकानदारांच्या तक्रारींत वाढ, रिटर्न माल वाढला, ड्रायव्हरची कमतरता, तातडीने उपाययोजना आवश्यक. उजवीकडे इंटरनेटवरून उचललेला ट्रकचा फोटो.

यात खोटं काहीच नाही, पण वाचून कुणाच्या पोटात गोळा येत नाही. 'वाढ' म्हणजे किती? 'विलंब' म्हणजे दहा मिनिटं की तीन तास? शिवाय स्क्रीनवर सहा ओळी दिसल्या की लोक त्या वाचायला लागतात आणि तुम्ही बोलताय ते ऐकू येत नाही, वाचणं आणि ऐकणं दोन्ही एकदम होत नाही, तुम्ही स्वतःवर करून बघा, बातम्या ऐकता ऐकता व्हॉट्सअॅप मेसेज वाचून बघा.

हीच स्लाईड अशी करा. हेडिंग: '४८ पैकी ३१ दुकानांना पाव सकाळी ११ नंतर मिळतो'. खाली फक्त तीन आडव्या पट्ट्या. नऊच्या आधी ५ दुकानं, नऊ ते अकरा १२ दुकानं, अकरा नंतर ३१ दुकानं. पहिल्या दोन पट्ट्या राखाडी, तिसरी लाल, आकडा पट्टीच्या टोकाशी. अगदी खाली बारीक अक्षरात 'आधार: डिलिव्हरी चलन, ऑगस्ट'. संपलं. आता तुम्ही तोंडाने म्हणायचं, "परळच्या दुकानदाराचं गिऱ्हाईक सकाळी साडेसहाला पाव घ्यायला येतं. आपला पाव येतो तेव्हा त्याच्या दुकानात जेवणाचं सामान घ्यायला लोक आलेले असतात." हे वाक्य स्लाईडवर नाही, ते तुमचं आहे, आणि लोक लक्षात ठेवतात ते हेच.

मग त्या ड्रायव्हरच्या कमतरतेचं काय झालं? ती या वाक्याची गोष्ट नव्हती म्हणून काढली. टाकवत नसेल तर खालच्या नोट्समध्ये ठेवा, किंवा 'थँक यू'च्या जागी बॅकअप स्लाईड करा. बॅकअप स्लाईड ही मला फार आवडणारी गोष्ट आहे, नुसती जोडून ठेवायची, दाखवायची नाही, पण प्रश्न आला की तिथे जायचं. आपल्या उदाहरणात प्रश्न येणारच: "२ लाख १० हजारांचा सगळा रिटर्न थांबेल कशावरून?" तुमच्याकडे बॅकअपला हिशोब तयार हवा की सगळा थांबला तर ७२ हजार जाऊन १ लाख ३८ हजार वाचतात, आणि अर्धाच थांबला तरी १ लाख ५ हजारांतून ७२ हजार जाऊन ३३ हजार हातात राहतात. हा दुसरा आकडा दाखवला की फायनान्सवाल्या माणसाच्या चेहऱ्यावर फरक दिसतो, कारण तुम्ही स्वतःच्या प्रस्तावाला स्वतःच कसून तपासलंय हे त्याला कळतं.

स्लाईड किती असाव्यात हे मला सगळे विचारतात. गाय कावासाकी या अमेरिकी मार्केटिंगतज्ज्ञाचा १०-२०-३० नियम आहे, १० स्लाईड, २० मिनिटं आणि ३० पॉइंटच्या खालची अक्षरं नाहीत. नवीन माणसाला सुरुवातीला हा नियम धरायला हरकत नाही. पण आपल्याला वरती सहाच लागल्या ना, मग दहा करायला म्हणून चार वाढवू नका.

चौथी पायरी: आकडे आणि चार्ट

तुलना करायची असेल तर पट्ट्यांचा चार्ट, महिन्यामागून महिना काय झालं दाखवायचं असेल तर रेषेचा. पाय चार्ट दोन-तीन तुकड्यांपर्यंत ठीक, पुढे कळत नाही कुठला मोठा. थ्रीडी कधीच नाही, पुढची पट्टी उगाच मोठी दिसते. पट्ट्यांचा चार्ट असेल तर अक्ष शून्यापासूनच सुरू करा, ९० पासून सुरू केला तर ९२ आणि ९६ मधला फरक डोंगराएवढा दिसतो आणि हे चाणाक्ष माणसाच्या लगेच लक्षात येतं, मग त्याचा तुमच्या बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

चार्ट टाकला की आधी खोडायला लागा. मागच्या जाळीच्या रेषा, बॉर्डर, बाजूची रंगांची यादी, दशांशाचे आकडे, सगळं. रंगांच्या यादीऐवजी नाव थेट रेषेच्या टोकाशी लिहा. लाल-हिरव्यावरच फरक सोडू नका, काही पुरुषांना ते दोन रंग वेगळे दिसत नाहीत. आणि आकडे लाख-कोटीत लिहा, मिलियनमध्ये लिहिले तर आपले साहेब डोक्यात दहाने गुणत बसतात.

एक सावधगिरी मात्र नीट वाचा. एक्सेलमधला चार्ट कॉपी करून पेस्ट करताना 'एम्बेड वर्कबुक'वाला पर्याय निवडला तर चार्टबरोबर ती अख्खी एक्सेल फाईल पीपीटीच्या पोटात जाते. तुम्ही ती पीपीटी डिस्ट्रिब्युटरला पाठवली, त्याने चार्टवर राइट क्लिक करून डेटा उघडला, की बाजूच्या शीटवरचे मार्जिन, पगार, बाकी पार्ट्यांचे रेट, सगळं त्याच्यासमोर. म्हणून बाहेर पाठवायच्या फाईलमध्ये चार्ट पिक्चर म्हणून पेस्ट करा. तसंच क्रॉप केलेल्या फोटोचा कापलेला भाग आत तसाच असतो, हाइड केलेल्या स्लाईड आणि नोट्सही फाईलबरोबर जातात. हाइड केलेल्या स्लाईड हाताने काढून टाका, नोट्ससाठी फाईल मेनूत इन्फोमध्ये 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' आहे ते चालवा, किंवा सरळ पीडीएफ करून द्या.

पाचवी पायरी: दिसायला कशी असावी, आणि मराठी अक्षरांचं वेगळं काय

साधी. पांढरा बॅकग्राउंड, काळी किंवा गडद निळी अक्षरं, एक ठळक रंग फक्त महत्त्वाच्या गोष्टीला. गडद बॅकग्राउंड घरी लॅपटॉपवर सुंदर दिसतो पण नरिमन पॉइंटच्या समुद्राकडच्या मीटिंग रूममध्ये दुपारी चार वाजता पश्चिमेचं ऊन आत आलं की प्रोजेक्टरवर काहीही दिसत नाही, पांढऱ्यावरचं काळं तेवढं वाचता येतं. अॅनिमेशन नको. टेम्प्लेट कंपनीचा असेल तर तोच वापरा, नसेल तर व्ह्यू मेनूतल्या स्लाईड मास्टरमध्ये एकदाच फॉन्ट, लोगो आणि पेज नंबर लावा म्हणजे प्रत्येक स्लाईडवर लोगो दोन मिलिमीटर इकडेतिकडे उड्या मारणार नाही. पेज नंबर हवाच, "ते सातव्या स्लाईडवर परत जा" असं लोकांना म्हणता आलं पाहिजे.

आता मराठी. मुंबईत बऱ्याच मीटिंगची पीपीटी इंग्रजीत असते आणि बोलणं मराठी-हिंदीत, ते असू दे. पण दुकानदार, डीलर, गोडाऊनचा स्टाफ, बचत गट, सोसायटी अशा लोकांसमोर जायचं असेल तर पीपीटी मराठीतच करा, माझा याबाबतीत आग्रह आहे, माणूस आपल्या भाषेत आकडा वाचतो तेव्हा प्रश्नही मोकळेपणाने विचारतो.

फक्त काही गोष्टी सांभाळा. युनिकोड फॉन्टच वापरा, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच दिसेल. मी नवीन असताना डीलर मीटसाठी एक मराठी डेक केला होता, मजकूर डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टमध्ये आला होता आणि मी तो तसाच चिकटवला. माझ्या मशीनवर छान दिसत होता. हॉलमधल्या मशीनवर तो फॉन्ट नव्हता, तर पहिल्या स्लाईडपासून शेवटपर्यंत कंस, स्वल्पविराम आणि इंग्रजी अक्षरांचा खच. साठ-सत्तर डीलर समोर. तो दिवस आठवला की अजून तळहाताला घाम येतो. तेव्हापासून विंडोजमधला निर्मला यूआय किंवा गूगलवर फुकट मिळणारा मुक्त, हिंद, नोटो सान्स देवनागरी यातलाच एक घेते. मुक्त आणि बालू हे दोन्ही तर आपल्या मुंबईतल्या एक टाइप या फॉन्ट करणाऱ्या मंडळींचे आहेत. बाहेरचा फॉन्ट असेल तर फाईल, ऑप्शन्स, सेव्ह इथे जाऊन 'एम्बेड फॉन्ट्स'वर टिक करा, शिवाय एक पीडीएफ बरोबर ठेवाच.

देवनागरीला वर वेलांट्या, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, म्हणजे एका ओळीला इंग्रजीपेक्षा जास्त उंची लागते. ओळींमधलं अंतर एकच्या खाली आणलंत तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर चढतो, मी १.१ ते १.२ ठेवते. अक्षरांमधलं अंतर वाढवायचं बटण मराठीला लावू नका, शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. बारीक साइजमध्ये बोल्ड केलं की 'क्ष', 'द्ध', 'ष्ट' यांची पोटं भरून येतात. आणि हेडिंगमध्ये मराठी आकडे, चार्टमध्ये इंग्रजी आकडे असं नको, एक्सेलचा चार्ट इंग्रजी आकडे देतो, तेव्हा काहीतरी एक ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा.

हल्ली एआयला सांगून मिनिटभरात डेक मिळतो. वाक्य छोटं करायला, हेडिंगचे चार पर्याय मागायला मी पण वापरते. पण पहिल्या पायरीतलं वाक्य तुमचंच हवं आणि प्रत्येक आकडा चलनाशी ताडून बघायचा.

सहावी पायरी: तोंडाने म्हणून बघा

मनातल्या मनात नाही, तोंडाने, उभं राहून, मोबाईलवर टायमर लावून. वीस मिनिटं मिळालीत तर तुमचं बोलणं बारा-तेरा मिनिटांत संपायला हवं, बाकीचे प्रश्नांना. पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं वाक्य पाठ करा, मधलं पाठ करू नका. मी आठ-सतराच्या लोकलमध्ये डब्यातल्या मैत्रिणींना ऐकवलंय, एवढ्या गर्दीत आवाज पोचतोय म्हणजे मीटिंग रूममध्ये पोचेलच.

सॉफ्टवेअरची चार बटणं हाताखालून घाला. एफ५ दाबलं की पहिल्या स्लाईडपासून शो सुरू, शिफ्ट आणि एफ५ दाबलं की आत्ताच्या स्लाईडपासून. शो चालू असताना बी दाबलं की स्क्रीन काळी होते, चर्चा पेटली की मी हेच करते, सगळे स्क्रीन सोडून एकमेकांकडे बघायला लागतात. आणि स्लाईडचा नंबर टाइप करून एंटर दाबलं की थेट तिथे, बॅकअपच्या स्लाईडचे नंबर एका चिठ्ठीवर लिहून ठेवले की "रिटर्न अर्धाच थांबला तर?" या प्रश्नाला दोन सेकंदांत स्लाईड समोर.

सातवी पायरी: मीटिंगचा दिवस

बाहेरच्या ऑफिसात जायचं असेल तर वेळ मुंबईच्या हिशोबाने धरा. बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) जायचं तर वांद्रे किंवा कुर्ला स्टेशनबाहेर शेअर रिक्षाची लाइन असते, पावसाळ्यात ती लाइन हलतच नाही, मेट्रो ३ जवळ पडत असेल तर ती बरी. खाली पोचलात म्हणजे पोचलात असं नाही. सिक्युरिटीला आयडी, फोटो, व्हिजिटर पास, लॅपटॉपचा सिरीयल नंबर रजिस्टरमध्ये, मग लिफ्टची रांग, यात वीस मिनिटं आरामात जातात. मी लॅपटॉपचा सिरीयल नंबर मोबाईलमध्ये लिहून ठेवलाय, तो लॅपटॉपच्या पोटाखाली असतो आणि गेटवर लॅपटॉप उलटा धरून शोधत बसावं लागत नाही.

बॅगेत चार्जर, एचडीएमआय केबल, टाइप-सीचा अॅडॅप्टर, आणि मुख्य स्लाईडच्या दोन-तीन प्रिंट. बऱ्याच कंपन्यांच्या मशीनवर पेनड्राइव्ह चालत नाही तेव्हा फाईल स्वतःला मेल करून ठेवा. स्क्रीन जोडल्यावर विंडोज आणि पी दाबा, 'एक्स्टेंड' निवडलं की नोट्स तुमच्या लॅपटॉपवर आणि स्लाईड समोरच्या भिंतीवर. डेस्कटॉपवरचं व्हॉट्सअॅप आणि मेल पूर्ण बंद करा, नोटिफिकेशन सायलेंट करा. मोठ्या रेटची बोलणी चालू असताना कोपऱ्यात दुसऱ्याच पार्टीचा मेसेज वर आला तर पुढचं सगळं अवघड होतं.

बोलताना स्क्रीनकडे पाठ, लोकांकडे तोंड. स्लाईड वाचून दाखवू नका, त्यांना वाचता येतं. नवीन स्लाईड आली की दोन सेकंद गप्प राहा, त्यांना हेडिंग वाचू द्या, मग बोला. हे दोन सेकंद पहिल्यांदा फार लांब वाटतात. एखाद्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर "हा आकडा आत्ता माझ्याकडे नाही, संध्याकाळी पाचपर्यंत पाठवते" असं सरळ म्हणा आणि सगळ्यांसमोर वहीत लिहून घ्या. मालकाने मध्येच तोडून विचारलं की "खर्च किती?" तर "येतंय पुढे सर" म्हणू नका, आकडा लगेच सांगा, ७२ हजार, आणि मग जिथे होतात तिथून पुढे चला.

लाइट गेली, प्रोजेक्टर बंद पडला, केबल बसली नाही, हे होतंच. तेव्हा प्रिंट वाटा आणि त्या सहा चिठ्ठ्या आठवा. ती गोष्ट तुम्हाला स्क्रीनशिवाय सांगता येते, कारण तुम्ही ती स्क्रीनशिवायच तयार केली होती.

मीटिंग झाल्यावर

त्याच दिवशी, शक्यतो परतीच्या ट्रेनमध्ये बसायच्या आधी, चार ओळींचा मेल टाका. काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, आणि कुठला आकडा द्यायचा राहिलाय. पीडीएफ जोडा. फाईलला 'फायनल', 'फायनल नवीन' असलं नाव न देता विषय आणि तारीख द्या, 'पहाटेची गाडी, १५ सप्टेंबर', म्हणजे तीन महिन्यांनी कुणी व्हॉट्सअॅपवर विचारलं तरी सापडेल. आणि ज्या प्रश्नावर तुम्ही अडखळलात तो प्रश्न वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. माझ्याकडे अशी अकरा वर्षांची पानं आहेत, नवीन पीपीटी सुरू करताना ती चाळते, आणि बघितलं तर निम्मे प्रश्न पुन्हा पुन्हा तेच येतात: आकडा कुठून आणलास, नाही केलं तर काय होईल, दुसरा स्वस्त मार्ग बघितलास का, आणि हे काम नेमकं कुणाच्या डोक्यावर पडणार?